हिशेबातली तूट: न दिसणारे कृष्णद्रव्य कोलायडरमध्ये कसे शोधतात

प्रश्न असा आहे: "कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही, डिटेक्टरमध्ये खूण सोडत नाही, असं सगळीकडे वाचते. मग एलएचसीमध्ये ते शोधतात म्हणजे नेमकं काय करतात? जे दिसणारच नाही ते सापडलं हे कळणार कसं? आणि इतक्या वर्षांत काही मिळालं नाही, तर पुढे हा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?" विचारणारी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलएचसी म्हणजे लार्ज हॅड्रॉन कोलायडर, जिनिव्हाजवळचे प्रोटॉन एकमेकांवर आपटणारे यंत्र.

मी वीसेक वर्षे याच कामात आहे. आम्ही कृष्णद्रव्य "बघत" नाही. आम्ही हिशेबातली तूट मोजतो. आणि आमचा नव्वद टक्के वेळ त्या तुटीची साधी, रोजची कारणे शोधण्यात जातो. हे शेवटचे वाक्य बातम्यांत कधी येत नाही, म्हणून याच भागावर जरा जास्त लिहिते.

माझे वडील एका पतसंस्थेत कॅशियर होते. संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही की त्यांना घरी यायला रात्र व्हायची. तूट आली की चोरीचा विचार ते सगळ्यात शेवटी करायचे. आधी एखादे व्हाउचर चढवायचे राहिलेय का, नोटांचे बंडल दोनदा मोजलेय का, हे बघायचे. त्यांची एक युक्ती मला शाळेत असतानाच कळली होती: फरकाला नऊने भाग जातो का बघायचे. जात असेल तर बहुधा कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले आहे. म्हणजे तूट किती आहे एवढेच बघायचे नसते, ती कशी आहे हेही बघायचे. माझे सगळे काम याच गोष्टीवर उभे आहे.

कृष्णद्रव्य आहे असे मानायला लागण्याचे पुरावे आकाशातले आहेत. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग मोजले आणि दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर तो समूह एकत्र राहूच शकत नाही हे दाखवले. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतल्या वायूंचे वेग मोजले. केंद्रापासून दूर गेल्यावर ते कमी व्हायला हवे होते, पण फारसे झालेच नाहीत. पुढे प्लांक उपग्रहाच्या मोजणीतून विश्वाचा ताळेबंदच हाती आला: आपल्या ओळखीचे साधे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के, उरलेली कृष्णऊर्जा. हे सगळे पुरावे गुरुत्वाकर्षणाचे आहेत. त्यांतून कृष्णद्रव्य किती आहे ते कळते. ते कशाचे बनले आहे, त्याच्या कणाचे वस्तुमान किती, तो आपल्या क्वार्क-इलेक्ट्रॉनांशी कधी काही देवाणघेवाण करतो का, यातले काहीच कळत नाही.

कोलायडरची आशा या शेवटच्या मुद्द्यावर आहे. विश्व अगदी तरुण आणि तापलेले असताना कृष्णद्रव्याचे कण आणि साधे कण एकमेकांत रूपांतरित होत असतील, आणि विश्व थंड होत गेल्यावर ते रूपांतर थांबून आजचा साठा मागे राहिला असेल, तर तीच क्रिया आजही उलट्या दिशेने घडवता आली पाहिजे. दोन क्वार्क पुरेशा ऊर्जेने आपटा, कधीतरी कृष्णद्रव्याच्या कणांची जोडी बाहेर पडेल. अशा जड आणि क्वचितच कुणाशी बोलणाऱ्या कणांना "विंप" म्हणतात. त्यांचे वस्तुमान प्रोटॉनच्या काही पटींपासून काही हजार पटींपर्यंत असू शकते आणि एलएचसीचा टप्पा नेमका याच पट्ट्यात येतो. कृष्णद्रव्य विंपचेच आहे असे कुणी सांगितलेले नाही. ते इतके हलके असेल किंवा इतके अलिप्त असेल की कोणत्याही कोलायडरला त्याचा पत्ता लागणार नाही, हेही शक्य आहे.

आता यंत्राकडे. जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेखाली, साधारण शंभर मीटर खोल, २७ किलोमीटर परिघाचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉनचे पुंजके विरुद्ध दिशांनी फिरतात आणि सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. २०१५ ते २०१८ मध्ये टकरीची ऊर्जा १३ टीईव्ही होती (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही, आणि एक जीईव्ही म्हणजे साधारण एका प्रोटॉनच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा). २०२२ पासून ती १३.६ टीईव्ही झाली. अॅटलास आणि सीएमएस हे दोन मोठे डिटेक्टर टकरीच्या जागांभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरांनी बांधलेले आहेत.

या टकरीत हिशेब कसा धरायचा? प्रोटॉन म्हणजे एक घट्ट गोळी नव्हे, ती क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन भरलेली पिशवी आहे. प्रत्यक्ष टक्कर पिशवीतल्या एकेका कणाची होते. त्या कणाकडे पिशवीच्या संवेगाचा कितवा हिस्सा होता हे आपल्याला माहीत नसते, आणि पिशवीचे उरलेसुरले अवशेष नळीतूनच पुढे निघून जातात. म्हणून नळीच्या दिशेने हिशेब लागत नाही. पण नळीला आडव्या, म्हणजे काटकोनातल्या प्रतलात, टकरीआधी संवेग जवळपास शून्य असतो. तो टकरीनंतरही शून्यच भरला पाहिजे. डावीकडे जेवढे गेले तेवढेच उजवीकडे, वर जेवढे तेवढेच खाली. डिटेक्टरमध्ये दिसलेल्या प्रत्येक गोष्टीचा आडवा संवेग मांडून बेरीज करायची. शून्य आले नाही तर जेवढे कमी पडले तेवढे काहीतरी न दिसता निघून गेले. याला "मिसिंग ट्रान्सव्हर्स मोमेंटम" म्हणतात. रोजच्या बोलण्यात आम्ही नुसते "मेट" म्हणतो.

ही पद्धत हवेतली नाही. १९८३ मध्ये सर्नच्या, म्हणजे एलएचसी जिथे आहे त्याच प्रयोगशाळेच्या, यूए१ प्रयोगात डब्ल्यू बोसॉन (क्षीण बलाचा वाहक कण) सापडला तो असाच. एका बाजूला एकटा जोरकस इलेक्ट्रॉन आणि समोरच्या बाजूला काहीच नाही. ते "काहीच नाही" म्हणजे न्यूट्रिनो होता, डिटेक्टरमध्ये खूण न सोडणारा कण. न दिसणारा कण हिशेबातून ओळखता येतो हे तेव्हाच सिद्ध झाले.

कृष्णद्रव्याच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. कण जोडीने तयार होतात आणि दोघेही अदृश्य असतात. ते समोरासमोर सुटले तर डिटेक्टर कोराच राहतो. नोंद नाही, तूटही नाही. म्हणून आम्ही अशा टकरी शोधतो ज्यांत आपटण्याआधी एखाद्या क्वार्कने एक जोरकस ग्लुऑन बाजूला फेकला. त्या ग्लुऑनचा फवारा, म्हणजे जेट, डिटेक्टरमध्ये दिसतो, आणि अदृश्य जोडी त्याच्या धक्क्याने उलट दिशेला जाते. चित्रात एका बाजूला भरघोस जेट आणि दुसरी बाजू रिकामी. या शोधाला "मोनोजेट" म्हणतात. जेटऐवजी फोटॉन, झेड किंवा हिग्ज यांपैकी एखादा कण असेल तर मोनोफोटॉन, मोनो-झेड, मोनो-हिग्ज. पण कसदार काम मोनोजेटमध्येच आहे, कारण ग्लुऑन सगळ्यात जास्त वेळा बाहेर पडतो.

आता तूट. ती येते कुठून?

पहिले कारण म्हणजे मोजमापातली गळती. इथे मुंबईचा खरा संबंध आहे आणि तो मला फार जवळचा आहे. सीएमएसमध्ये ३.८ टेस्लाचे एक प्रचंड विद्युतचुंबक आहे आणि हॅड्रॉन कॅलोरिमीटरचा, म्हणजे जेटची ऊर्जा मोजणाऱ्या थराचा, मुख्य भाग त्याच्या आत बसवला आहे. आतली जागा मोजकी, त्यामुळे मधल्या भागात कॅलोरिमीटरची जाडी थोडी अपुरी पडते. एखादा जोरकस जेट उशिरा फुटला तर त्याची शेपटी चुंबकाच्या बाहेर निसटते. निसटलेली ऊर्जा मोजली गेली नाही की बेरजेत तूट दिसते आणि साध्या जेटचा इव्हेंट (एका टकरीची नोंद) थेट कृष्णद्रव्यासारखा दिसू लागतो. ती शेपटी पकडायला चुंबकाबाहेर प्लास्टिक सिंटिलेटरचा आणखी एक थर लावला आहे. त्याला आउटर हॅड्रॉन कॅलोरिमीटर म्हणतात, आणि तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, बांधला.

विद्यार्थिदशेत त्या फरश्या मी हातात घेतल्या आहेत. सेंटिमीटरभर जाडीची पारदर्शक फरशी, तिच्यात कोरलेली वळणदार खोबण, आणि खोबणीत बसवायचा मिलिमीटरपेक्षाही बारीक हिरवट फायबर. कण फरशीतून गेला की निळसर ठिणगी पडते, फायबर ती शोषून हिरवा प्रकाश टोकापर्यंत नेतो. फायबर जरा जास्त वाकला की प्रकाश वाटेतच गळतो. तेव्हा मला ते नुसते कारागिरीचे काम वाटायचे. पुढे मोनोजेटचे आलेख करायला बसले तेव्हा कळले की त्या खोबणीतला फायबर नीट बसला नसता तर माझ्या आलेखात खोटी तूट आली असती.

गळतीमुळे आलेली तूट ओळखायची खूण वडिलांच्या नऊच्या युक्तीसारखीच आहे. जेट कमी मोजला गेला तर तुटीची दिशा त्या जेटच्याच दिशेला येते. म्हणून मेट आणि जवळचा जेट यांच्यामधला कोन बघायचा. तो अगदी लहान असेल तर इव्हेंट टाकून द्यायचा. हा एक नियम लावला की क्वार्क-ग्लुऑनच्या साध्या टकरींचा डोंगर जवळपास सपाट होतो.

दुसरे कारण टकरीचे नसतेच. सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र अजून आठवते. मोठ्या मेटचे काही इव्हेंट अपेक्षेपेक्षा जास्त होते. जेट देखणे, समोरची बाजू रिकामी. मन लगेच पुढे धावते, ते धावूच नये असे मी म्हणणार नाही. पण शेजारी बसलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढेच विचारले, "फाय काढलास का?" म्हणजे नळीभोवती गोल फिरत कोणत्या कोनाला ही तूट आहे त्याचा आलेख. काढला. सपाट यायला हवा होता, कारण निसर्गाला नळीभोवतीची कोणतीही एक दिशा विशेष प्रिय असण्याचे कारण नाही. आलेखात दोन उंचवटे होते: एक शून्य अंशाला आणि एक १८० अंशांना, म्हणजे बरोबर बोगद्याच्या आडव्या प्रतलात. कृष्णद्रव्याला बोगदा कुठल्या प्रतलात खणला आहे हे माहीत असायचे काही कारण नाही. ते होते बीम हेलो: डिटेक्टरच्या बरेच अलीकडे काही प्रोटॉन नळीतल्या उरलेल्या वायूवर किंवा कोलिमेटरवर (भरकटलेले प्रोटॉन अडवणाऱ्या अडसरावर) आपटतात, त्यातून निघालेले म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, नळीला समांतर येऊन कॅलोरिमीटरमध्ये ऊर्जा टाकतात, आणि टक्कर न होताच "जेट" दिसतो. त्या रात्रीनंतर कोणत्याही विद्यार्थ्याने मोठ्या मेटचा इव्हेंट दाखवला की मीही पहिला प्रश्न हाच विचारते.

इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट, प्रकाश मोजणाऱ्या घटकावरच थेट आपटलेला कण, वीजपुरवठा गेल्यामुळे मुका झालेला कॅलोरिमीटरचा कोपरा, अशी आणखी बरीच कारणे आहेत. प्रत्येकाचा वेगळा फिल्टर असतो. तपशिलात जात नाही.

तिसरे कारण मात्र गाळून टाकता येत नाही, आणि खरी लढाई तिथेच आहे. डब्ल्यूचा भाऊबंद असलेला झेड बोसॉन तयार होतो आणि पाचातल्या एका वेळेला दोन न्यूट्रिनोंमध्ये फुटतो. न्यूट्रिनो दिसत नाहीत. जेटच्या समोर असा झेड सुटला की चित्र तंतोतंत कृष्णद्रव्यासारखे दिसते. जसेच्या तसे. कोणताही कोन, कोणताही फिल्टर त्यांना वेगळे करू शकत नाही. मग एकच उपाय उरतो: असे झेड किती असणार हे इतके अचूक सांगायचे की त्यावर थोडेसे जास्त आले तरी उठून दिसेल.

ते कसे करतात हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. झेड कधीकधी दोन म्युऑनमध्येही फुटतो, साधारण ३.४ टक्के वेळा. म्युऑन स्वच्छ दिसतात. असे इव्हेंट घ्यायचे, त्यातले दोन्ही म्युऑन मुद्दाम पुसून टाकायचे, ते जणू कधी दिसलेच नाहीत असे धरून आडव्या संवेगाची बेरीज पुन्हा करायची. आता या इव्हेंटमध्ये तूट आली, आणि ती कशामुळे आली हे आपल्याला पक्के माहीत आहे. न्यूट्रिनोंचा वाटा २० टक्के, म्युऑनचा ३.४, म्हणजे जवळपास सहापट. ज्या प्रमाणात म्युऑनवाले झेड सापडले त्याच्या सहापट न्यूट्रिनोवाले असणार. अर्थात डिटेक्टर प्रत्येक म्युऑन पकडत नाही, तेही हिशेबात धरावे लागते.

पण एक मेख आहे. खूप मोठ्या मेटला, जिथे कृष्णद्रव्य असण्याची शक्यता जास्त, तिथे म्युऑनवाले झेड मूठभर उरतात. मूठभरांवरून सहापटीचा अंदाज करायचा तर चूकही मोठी येते. म्हणून डब्ल्यू बोसॉन आणि फोटॉन यांच्या इव्हेंटची मदत घ्यावी लागते. ते संख्येने बरेच जास्त असतात, पण झेडपेक्षा थोडे वेगळे वागतात. तो फरक किती, हे सिद्धांतवाल्यांनी क्वांटम दुरुस्त्यांसह टक्क्याच्या पातळीवर मोजून दिले. या आकडेमोडीला वर्षे लागली. ती झाली नसती तर एलएचसीवर कितीही डेटा जमला तरी मोनोजेटचा शोध पुढे सरकला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हे सगळे मूळ डेटाकडे न बघता करायचे असते. जिथे कृष्णद्रव्य दिसू शकते तो रकाना शेवटपर्यंत झाकलेला असतो. आधी म्युऑनचे, डब्ल्यूचे, फोटॉनचे रकाने जुळवायचे, प्रयोगातल्या इतर गटांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि मग परवानगी मिळाल्यावर झाकण काढायचे. माणसाला हवे ते दिसू लागते, म्हणून ही शिस्त.

ही शिस्त आमच्या क्षेत्राने अनुभवाने शिकली आहे. १९८४ मध्ये यूए१ने एका जेटसोबत मोठी तूट असलेले काही इव्हेंट प्रसिद्ध केले. सुपरसिमेट्रीची (प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असतो असे मानणाऱ्या सिद्धांताची) पहिली झलक म्हणून जगभर चर्चा झाली. ती एका कुठल्या चुकीमुळे आलेली नव्हती. डब्ल्यू टाऊमध्ये (म्युऑनपेक्षाही जड भाऊबंदात) फुटल्याचे थोडे, झेड न्यूट्रिनोंत फुटल्याचे थोडे, जेट कमी मोजल्याचे थोडे, अशी किरकोळ कारणे एकत्र आली होती. ग्विदो आल्तारेल्ली यांनी हे मिश्रण मांडून दाखवले आणि ते "आल्तारेल्ली कॉकटेल" या नावानेच ओळखले जाऊ लागले. मोनोजेटमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

मग निकाल काय? अॅटलासने २०१५ ते २०१८ चा आणि सीएमएसने २०१६ ते २०१८ चा डेटा वापरून मोनोजेटचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. अॅटलासच्या मोजणीत २०० जीईव्हीपेक्षा जास्त मेटचे जवळपास १८ लाख इव्हेंट होते, आणि ओळखीच्या कारणांवरून आलेला अंदाजही तेवढाच होता. अगदी टोकाला, १२०० जीईव्हीच्या पुढे, दोनशेच्या थोडे पुढे इव्हेंट. तिथेही अंदाज जुळला. सीएमएसचेही तेच. रोजमेळ जुळला.

आता या निकालातून निघणाऱ्या मर्यादांबद्दल, कारण इथे फार गैरसमज आहे. "एलएचसीने २ टीईव्हीपर्यंत कृष्णद्रव्य नाही असे सिद्ध केले" असे वाक्य तुमच्या वाचनात येईल. ते चूक आहे. तो २ टीईव्हीचा आकडा कृष्णद्रव्याच्या कणाचा नाही. क्वार्क आणि कृष्णद्रव्य यांच्यामध्ये दुवा असणाऱ्या एका काल्पनिक मध्यस्थ कणाचा आहे. आणि तोही मध्यस्थाची क्वार्कशी जवळीक, म्हणजे देवाणघेवाणीचा जोर, ०.२५ आणि कृष्णद्रव्याशी १ धरली तर. हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत, वेगवेगळ्या प्रयोगांची तुलना करता यावी म्हणून आम्ही आपसांत ठरवले आहेत. क्वार्कशी जवळीक दहापट कमी धरली तर मर्यादा धाडकन मागे येते. आलेखावरचा रंगवलेला भाग बघताना खाली बारीक अक्षरांत काय गृहीत धरलेय ते आधी वाचा.

जमिनीखालच्या प्रयोगांशी तुलनाही अशीच जपून करावी लागते. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधला एलझेड किंवा इटलीतल्या ग्रान सास्सोमधला झेनॉनएनटी हे प्रयोग द्रव झेनॉनच्या टाकीत आकाशातले कृष्णद्रव्य येऊन आपटण्याची वाट बघतात. ज्या प्रकारात कृष्णद्रव्य झेनॉनच्या अख्ख्या अणुकेंद्राशी एकदम व्यवहार करते, तिथे ते आमच्या कितीतरी पुढे आहेत. पण कण हलका असेल, प्रोटॉनच्या एक-दोन पट, तर त्याचा झेनॉनला बसणारा धक्का इतका क्षीण असतो की टाकीला जाणवत नाही. कोलायडरला मात्र कण हलका असल्याने फरक पडत नाही. जिथे व्यवहार अणुकेंद्राच्या स्पिनवर (अंगभूत फिरकीवर) अवलंबून आहे तिथेही कोलायडर जोरदार आहे.

कोलायडरची एक मर्यादा मात्र मूळचीच आहे. मोनोजेटमध्ये उद्या खरोखर जास्तीची तूट सापडली तरी ते कृष्णद्रव्यच आहे असे आम्ही म्हणू शकणार नाही. आमचा डिटेक्टर काही मीटरचा आहे. कण त्यातून न फुटता बाहेर गेला, म्हणजे तो काही दशक नॅनोसेकंद टिकला, एवढेच आम्हाला कळते. कृष्णद्रव्य १३.८ अब्ज वर्षे टिकले आहे. हे मधले अंतर पार करायला झेनॉनच्या टाक्या आणि दुर्बिणी लागतीलच.

हिग्जबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. हिग्ज बोसॉन कणांना वस्तुमान देण्याच्या व्यवहारात असतो, त्यामुळे कृष्णद्रव्याशी त्याचे नाते असणे अगदी साहजिक आहे. कृष्णद्रव्याचा कण हिग्जच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे सुमारे ६२ जीईव्हीपेक्षा, हलका असेल तर हिग्ज त्याच्या जोडीत फुटू शकेल आणि अदृश्य होईल. असा अदृश्य हिग्ज पकडायचा कसा? हिग्जसोबत झेड किंवा डब्ल्यू तयार होतो, किंवा दोन जेट पुढे-मागे लांब फेकले जातात. त्या सोबत्यांवरून हिग्जची अनुपस्थिती ओळखायची. या विषयावर आपल्याकडे फार आधीपासून काम झाले आहे. टीआयएफआरचे डी. पी. रॉय यांनी १९९४ मध्येच एका सहकाऱ्यासोबत एलएचसीवर अदृश्य हिग्जच्या खुणा कशा असतील ते लिहिले होते. २००३ मध्ये रोहिणी गोडबोले, रॉय आणि इतरांनी मिळून डब्ल्यू किंवा झेडसोबतच्या अदृश्य हिग्जचा तपशीलवार अभ्यास केला. गोडबोले पुण्याच्या. एस. पी. कॉलेज, मग आयआयटी मुंबई, आणि पुढे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. २०२४ मध्ये त्या गेल्या. हिग्ज सापडला २०१२ मध्ये. त्याच्या नऊ वर्षे आधी, तो सापडला तर तो अदृश्य होतो का हे कसे तपासायचे, याची तयारी इथे झाली होती. तुम्ही मराठीतून प्रश्न विचारलात म्हणून हे मुद्दाम सांगतेय. आज अॅटलासच्या एकत्रित निकालानुसार हिग्ज जास्तीत जास्त ११ टक्क्यांच्या आसपास वेळा अदृश्य होत असू शकतो. सीएमएसचा आकडा १५ टक्के आहे. स्टँडर्ड मॉडेलनुसार, म्हणजे कणांच्या आजच्या मान्य सिद्धांतानुसार, न्यूट्रिनोंमुळे हा वाटा ०.१ टक्का असायला हवा. ०.१ आणि ११ यांच्यामध्ये केवढी जागा शिल्लक आहे बघा.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. पुढे अर्थ आहे का? माझे उत्तर आहे, आहे. पण "अजून थोडा डेटा आला की सापडेल" असे मी सांगणार नाही. कारण वेगळे आहे. सुपरसिमेट्रीतले सगळ्यात साधे दोन उमेदवार घ्या, हिग्सिनो आणि विनो. विश्वात आज जेवढे कृष्णद्रव्य आहे तेवढे बरोबर उरायचे असेल तर हिग्सिनोचे वस्तुमान १.१ टीईव्हीच्या आसपास आणि विनोचे ३ टीईव्हीच्या जवळ असायला हवे. यांना शोधायची एक खास पद्धत आहे: त्यांचा विद्युतभारित जोडीदार काही सेंटिमीटर चालतो आणि फुटतो, त्यामुळे ट्रॅकरमध्ये माग सुरू होतो आणि मधेच नाहीसा होतो. या तुटक्या मागांवरून अॅटलासने विनो ६६० जीईव्हीपर्यंत आणि हिग्सिनो २१० जीईव्हीपर्यंत नाकारला आहे. म्हणजे ज्या वस्तुमानाला तो असायला हवा त्याच्या पाचव्या हिश्शापर्यंत आपण हिग्सिनोसाठी पोचलो आहोत. ज्या घरात चोर असण्याचा संशय होता त्याच्या ओसरीपर्यंतच आपण गेलो आहोत, आणि घर रिकामे असल्याची बातमी मात्र गावभर झाली आहे.

जास्त तेजाची, म्हणजे जास्त टकरी घडवणारी, एलएचसी २०३० च्या आसपास सुरू व्हायची आहे. तिच्यातून आतापर्यंतच्या कितीतरी पट डेटा येईल, पण पुंजके एकमेकांतून जाताना एका वेळी १४० ते २०० टकरी होतील. इतक्या गर्दीत तूट मोजायची म्हणजे भर बाजारात कुणाच्या खिशातली नाणी मोजण्यासारखे आहे. त्यासाठी सीएमएसच्या दोन्ही टोकांना अतिसूक्ष्म खणांचा नवा सिलिकॉन कॅलोरिमीटर बसणार आहे आणि त्याची काही मॉड्यूल कुलाब्यातच जोडली जात आहेत. हिग्सिनोचा १.१ टीईव्हीचा उंबरठा मात्र तिथेही ओलांडला जाणार नाही. त्यासाठी १०० टीईव्हीच्या जवळपासचे यंत्र लागेल. सर्नमध्ये ९१ किलोमीटरच्या बोगद्याचा विचार चालू आहे, त्यात प्रोटॉनचे यंत्र दुसऱ्या टप्प्यात येईल. तुमच्या वयाच्या मुलींच्या कारकिर्दीतला तो प्रश्न आहे, माझ्या नाही.

दुसरी वाट हलक्या आणि अगदी अलिप्त कणांची. अॅटलासपासून ४८० मीटरवर, टकरीच्या सरळ रेषेत, फेझर नावाचा एक छोटासा डिटेक्टर २०२२ पासून नोंदी घेतो आहे. मधल्या खडकातून जे आरपार येईल आणि मग फुटेल त्याची तो वाट बघतो. जपानमधल्या त्सुकुबाला बेल-२ हा प्रयोग आहे. तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आपटतात, दोघेही पिशव्या नव्हेत, खरे बिंदूसारखे कण. त्यामुळे तिथे हिशेब फक्त आडव्या प्रतलात नाही, सगळ्या दिशांनी लागतो. ऊर्जा कमी, पण ताळेबंद संपूर्ण. टीआयएफआरचा गट तिथेही आहे.

शेवटी एक काम सुचवते, कारण हे वाचून समजण्यापेक्षा करून लवकर समजते. सीएमएसचा खरा डेटा २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होत आलेला आहे. पायथन येत असेल तर कॉलेजच्या संगणकावरही चालतो. त्यातले मोठ्या मेटचे इव्हेंट काढा. प्रत्येकाच्या मेटची दिशा, म्हणजे फाय, घेऊन आलेख काढा. आधी कोणताही फिल्टर न लावता, मग गोंगाटाचे आणि बीम हेलोचे फिल्टर लावून. दोन्ही आलेख शेजारी ठेवा आणि शून्य व १८० अंशांपाशी काय बदलते ते बघा. त्यानंतर दोन म्युऑन असलेले इव्हेंट घ्या, म्युऑन पुसा, आणि मेट पुन्हा काढा.